हातचा

आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा,
लेबल केव्हाच गेलेलं, काठ चेपलेला,
त्याला आमच्याकडे कापुआका म्हणतात.
बाजारात तांदूळ त्यानेच मोजतात.
मलाही.

दर मुलामागे महिन्याला तीन कापुआका,
सुगी झाल्यावर. झालीच तर.
झाफीचा बाप डबा भरताना अंगठा आत घालतो.
मी अंगठ्याकडे बघते, तो डोंगराकडे.

पट एकाहत्तरचा. खोली एक, इयत्ता तीन.
फळा मीच केलाय:
जुने सेल फोडून त्यातली काजळी,
कसाव्याची खळ, वरून दोन हात.
पावसाळाभर टिकतो.
खडूचा शेवटचा तुकडा संपला की नख लागतं,
फळा किंचाळतो, पोरं हसतात.
मीही हसते. त्याला तांदूळ लागत नाही.

फेब्रुवारीत कणग्या झाडून घेतलेल्या असतात.
फेब्रुवारीत फानिरी दुपारनंतर बाकावर डोकं टेकते.
मी तिला उठवत नाही.
पाढे जरा हळू म्हणायला लावते.

गेल्या साली साहेब आले, मोटारसायकलवर,
गुडघ्यापर्यंत तांबडा चिखल.
बाकं मोजली. नऊ.
खिडक्या मोजल्या, नुसती भोकं होती तरी मोजल्या.
पत्रे मोजले, गंजलेले वेगळे.
मी दारात उभी.
शिक्षकांच्या रकान्यात त्यांनी शून्य घातलं.
सभ्य माणूस. म्हणाला,
"तसं नव्हे बाई, हा रकाना सरकारी शिक्षकांचा."
मी कॉफी दिली त्याला,
साखर सुलुफूच्या आईकडून उसनी आणून.

शून्य मी दुसरीला शिकवते.
शून्य जागा धरून ठेवतं, असं सांगते.
अकरा वर्षं सांगते आहे.

अनुदान येतं. तिमाहीचं सहामाहीला.
आणायला दोन दिवस चालायचं,
नदीवर होडी मिळाली तर दीड.
रात्री कुणाच्या तरी ओसरीत, चपला उशाला.
खिडकीतल्या बाईने यादीवरून बोट फिरवलं,
वर गेलं, खाली आलं.
"नुरुतियाना नाही. अंबातुमेना शाळा, बाकुली आहे."

बाकुली माझ्या आधीची.
चौथ्या बाळंतपणात गेली, वर्ग चालू असताना कळा आल्या,
पोरांनीच तिला दाराची फळी काढून नेली होती.
दार अजून नाही.

"वारली ती," मी म्हणाले.
बाई थकलेली होती, तिच्यामागे पंख्याला वीज नव्हती.
"कागदावर आहे ना. तिची सही करा, पैसे घ्या.
नाहीतर परत जातील."
माझ्यामागे रांग होती. सगळे मास्तर, सगळ्यांच्या चपला फाटक्या.
मी केली.
अक्षर तिचं मला ठाऊक होतं,
जुन्या हजेरीपटात रोज बघते.
हात थांबला नाही.
याचंच रात्री होडीत वाईट वाटलं,
पैशांचं नाही.

परत आले तर पालकसभेने ठरवलेलं:
शाळा चार दिवस बंद, चार दिवसांचा तांदूळ वजा.
वजाबाकी बरोबर होती. मीच शिकवलीय त्यांना,
काहींना तरी.

आज तिसरीला बेरीज, हातच्याची.
अठ्ठावीस अधिक पंधरा.
आठ न् पाच तेरा, तीन खाली, हातचा एक,
तो वर लिहायचा, बारीक.
झाफीने विचारलं,
"उत्तर आल्यावर हातच्याचं काय करायचं, बाई?"

दरवर्षी मी सांगते, पुसून टाक.
आज म्हणाले, राहू दे.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं,
बोटाला थुंकी लावली
आणि सवयीने पुसून टाकला.

त्रेचाळीस. उत्तर बरोबर होतं.
मी त्यावर खूण केली.